इफएल्स कुठे फसवतो, आणि आपलं स्वतःचं ‘जरतर’ कसं लिहायचं

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर, आधी प्रश्न एकच: “आयर्विनला किती झालं?” आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर गेली की धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर.

त्या २०१९ च्या पुरानंतर एका संस्थेला मी धोका पातळीवरच्या दिवसांचा तक्ता करून दिला होता. आकडेवारीसाठी वापरतात त्या ‘आर’ या संगणकाच्या भाषेत, मोठ्या हौसेनं. छापून झाला, बैठकीत वाटला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, “ओ सर, हे गट नंबर हायत काय?” तारखेच्या रकान्यात १८११५, १८११६ असे आकडे पडले होते. शेतजमिनीच्या उताऱ्यावर असतात तसेच दिसत होते, त्यामुळे आजोबांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. ‘इफएल्स’ नावाच्या एका साध्या फंक्शनवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

हा लेख नुकतंच आर शिकायला घेतलेल्यांसाठी आहे. इफएल्स काय करतो, कुठे फसवतो आणि त्याच्या जागी आपलं स्वतःचं फंक्शन कसं लिहायचं, हे आपण पायरीपायरीनं करू. आर बसवलेला नसेल तर क्रॅनच्या, म्हणजे आरच्या अधिकृत साठ्याच्या, संकेतस्थळावरून फुकट मिळतो. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तो सुरू केला, आणि त्याची १.०.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. आमच्याकडे ‘आर’ म्हटलं की पराणीच्या टोकाची आर आठवते. टोचते दोन्ही.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे कोड मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिला आहे. शिकवणीत फळ्यावरही असाच लिहितो, वाचायला सोपा जातो. तुम्ही टाइप करताना शब्द आणि आकडे दोन्ही रोमन लिपीत टाका. बहुतेक सगळी अक्षरं लहानच. एनए, ट्रू आणि फॉल्स पूर्ण मोठ्या अक्षरांत (इज.एनए मधला एनए मात्र लहान), आणि अ‍ॅज.डेट मधला फक्त ‘डी’ मोठा. इफएल्स हा सलग एकच शब्द आहे, मध्ये जागा नाही.

पायरी १: सरावाचा माल

आर उघडा आणि या दोन ओळी द्या:

पाणी <- सी(३८.५, ४१, एनए, ४४.२, ४६.८, ४५)
तारीख <- अ‍ॅज.डेट("२०२४-०८-०१") + ०:५

बाणाची खूण (<-) म्हणजे उजवीकडचं डावीकडच्या नावात ठेव, आणि ‘सी’ म्हणजे किंमती एकत्र बांधणारं एकाक्षरी फंक्शन. सहा दिवस, सहा नोंदी. आकडे मी मनानं घेतलेत, खऱ्या नोंदी समजू नका. तिसऱ्या दिवशी एनए आहे, म्हणजे त्या दिवशी कोणी पातळी वाचलीच नाही. हा एनए पुढे फार उपयोगी पडणार आहे, त्याला काढू नका.

पायरी २: इफ आणि इफएल्स यांतला फरक

नवीन माणूस आधी हे लिहून बघतो:

इफ (पाणी >= ४५) "धोका" एल्स "ठीक"

आर रागावतो. इफ हा एकाच प्रश्नाचं एकच उत्तर ऐकून घेतो आणि आपण त्याच्यापुढे सहा ठेवले. ४.२.० या २०२२ च्या आवृत्तीपासून इथे सरळ एरर येते. त्याआधी नुसती वॉर्निंग यायची आणि पहिल्या नोंदीवर सगळ्याचा निकाल लागायचा. आता गाडी थांबते, ते बरंच झालं.

सहाही नोंदींना एकेक करून प्रश्न विचारायचा असेल तर इफएल्स:

इफएल्स(पाणी >= ४५, "धोका", "ठीक")

उत्तर येतं: ठीक, ठीक, एनए, ठीक, धोका, धोका. अट खरी असेल तिथे दुसरी किंमत, खोटी असेल तिथे तिसरी. अटीचंच उत्तर माहीत नसेल तिथे एनए. इथवर सगळं गोड आहे.

पायरी ३: तारीख हरवताना बघा

आता मी केलेली चूक तुम्ही मुद्दाम करा:

इफएल्स(पाणी >= ४५, तारीख, एनए)

पडद्यावर येतं: एनए, एनए, एनए, एनए, १९९४०, १९९४१. गट नंबर.

असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आरच्या पोटात तारीख म्हणजे एक साधा आकडा असतो, १ जानेवारी १९७० पासून किती दिवस झाले तो. १९९४० म्हणजे ५ ऑगस्ट २०२४, आणि माझ्या तक्त्यातला १८११५ म्हणजे ७ ऑगस्ट २०१९. आकड्यावर ‘ही तारीख आहे’ अशी चिठ्ठी लावलेली असते, तिला क्लास म्हणतात. चिठ्ठी आहे तोवर आर तो आकडा तारखेसारखा छापतो.

मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर चिठ्ठी असते तसंच हे. इफएल्स काय करतो? तो रिकामं पोतं घेतो ते अटीचं. पाणी >= ४५ या अटीचं उत्तर ट्रू आणि फॉल्समध्ये येतं, त्या पोत्यावर तारखेची चिठ्ठी कुठून असणार? मग तुमच्या तारखांच्या पोत्यातला माल तो या पोत्यात ओततो. माल येतो, चिठ्ठी जुन्या पोत्यावरच राहते. हळकुंड आहे की गूळ, पुढच्या माणसाला कळत नाही.

फॅक्टरचंही असंच होतं. फॅक्टर म्हणजे ठरावीक गटांचा रकाना, आणि त्या गटांची नावं म्हणजे लेव्हल्स. ‘सामान्य, इशारा, धोका’ अशा क्रमानं लेव्हल्स दिलेला फॅक्टर इफएल्समधून काढला की १, २, ३ बाहेर येतात. तारखेचा निदान आकडा मोठा दिसतो म्हणून माणूस दचकतो. १, २, ३ बघून कोणी दचकत नाही, आणि महिनाभरानं त्याची सरासरी काढून मोकळा होतो.

पायरी ४: न ओरडणाऱ्या चुका

पहिली लांबीची. हे द्या:

मोसम <- "पावसाळा"
इफएल्स(मोसम == "पावसाळा", पाणी, ०)

सहा नोंदी येतील असं वाटतं. येते एकच, ३८.५. अटीची लांबी एक, म्हणून पोतंही एकाच दाण्याचं. बाकीच्या पाच नोंदी कुठे गेल्या याबद्दल आर चकार शब्द काढत नाही. इथे खरं तर साधा इफ हवा होता. उलटही होतं: अट सहाची आणि किंमती चारच दिल्यात, तर इफएल्स त्या चार पुन्हा पहिल्यापासून लावून सहा करतो. तेही गुपचूप.

दुसरी प्रकाराची. उत्तर आकड्यांत येणार की अक्षरांत, हे इफएल्समध्ये त्या दिवशीच्या मालावर ठरतं. सगळ्या नोंदी एनए असतील तर "धोका" आणि "ठीक" लिहूनही उत्तर अक्षरांचं येत नाही, लॉजिकल, म्हणजे ट्रू-फॉल्सच्या जातीचं, येतं. नोंदी शून्य असतील तरी लॉजिकलच. उन्हाळ्यात रिकामी फाइल आली की पावसाळाभर बरा चाललेला कोड मोडतो तो यामुळे.

तिसरी मात्र ओरडते, पण भलतीकडे. काही वह्यांत पावसाची नोंद नसली की उणे ९९ लिहायची पद्धत असते. त्यावर कोणी लिहितं:

इफएल्स(पाऊस < ०, एनए, लॉग(पाऊस + १))

उत्तर बरोबर येतं, पण ‘एनएएन (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) तयार झाले’ अशी वॉर्निंगही येते. कारण इफएल्स आधी सगळ्या नोंदींचा लॉग काढतो, उणे ९९ वाल्यांचासुद्धा, आणि मग नको ते टाकून देतो. ही वॉर्निंग सप्रेसवॉर्निंग्ज लावून गप्प करायचा मोह होतो. करू नका. उद्याची खरी वॉर्निंगही त्याच गोधडीखाली जाईल. त्यापेक्षा ज्यांचा काढायचा त्यांचाच लॉग काढा:

निकाल <- रेप(एनए_रिअल_, लेंग्थ(पाऊस))
जागा <- विच(पाऊस >= ०)
निकाल[जागा] <- लॉग(पाऊस[जागा] + १)

आधी एनएचं पोतं (रेप दिलेली किंमत हवी तितक्या वेळा ठेवतो), मग हव्या त्या जागा शोधल्या (विच), मग तेवढ्याच जागी माल. एनए_रिअल_ म्हणजे आकड्यांच्या जातीचा एनए. यात फक्त एनए मोठ्या अक्षरांत. माझ्या मते हा तीन ओळींचा साचा हाताला बसला की निम्म्या वेळी इफएल्सची गरजच पडत नाही. आपलं फंक्शनही याच साच्यावर उभं करायचं आहे.

पायरी ५: ‘जरतर’ लिहा

पोतं अटीचं न घेता उत्तराचं घ्यायचं, एवढीच कल्पना. नवीन फाइल उघडा आणि हे लिहा:

जरतर <- फंक्शन(अट, हो, नाही, गहाळ = एनए) {
  न <- लेंग्थ(अट)
  स्टॉपइफनॉट(
    इज.लॉजिकल(अट),
    लेंग्थ(हो) %इन% सी(१, न),
    लेंग्थ(नाही) %इन% सी(१, न),
    लेंग्थ(गहाळ) == १,
    आयडेंटिकल(क्लास(हो), क्लास(नाही)),
    आयडेंटिकल(लेव्हल्स(हो), लेव्हल्स(नाही)),
    इज.एनए(गहाळ) || आयडेंटिकल(क्लास(गहाळ), क्लास(नाही))
  )
  उत्तर <- रेप(नाही, लेंग्थ.आउट = न)
  जागा <- विच(अट)
  उत्तर[जागा] <- रेप(हो, लेंग्थ.आउट = न)[जागा]
  उत्तर[विच(इज.एनए(अट))] <- गहाळ
  उत्तर
}

स्टॉपइफनॉट हा दारावरचा तोलाईवाला. कंसातली एकही गोष्ट खोटी निघाली की फंक्शन तिथेच थांबतं आणि कोणती खोटी निघाली तेही सांगतं. अट ट्रू-फॉल्सचीच हवी. किंमती एक तरी असाव्यात किंवा अटीइतक्या, मधलं काही चालणार नाही. दोन्ही किंमतींवर चिठ्ठी एकच हवी. फॅक्टर असतील तर लेव्हल्सही त्याच हव्यात, नाहीतर अनोळखी लेव्हलच्या जागी एनए पडतो. फॅक्टर नसेल तेव्हा दोन्हीकडे लेव्हल्स नसतातच, म्हणून ती ओळ आडवी येत नाही.

‘उत्तर <- रेप(नाही, …)’ ही ओळ म्हणजे सगळ्या लेखाचा जीव. रेप तारखेला तारीख ठेवतो आणि फॅक्टरला फॅक्टर, म्हणून पोतं चिठ्ठीसकट तयार होतं. शून्य नोंदी असल्या तरी रिकाम्या पोत्यावर चिठ्ठी राहते.

विच का लावलं, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. नुसतं उत्तर[अट] लिहिलं तर? अटीत एनए आहे, आणि एनए नावाच्या जागी अनेक किंमती ठेवायला सांगितल्या की आर एरर देतो. ‘कुठे ठेवू’ हेच माहीत नाही तर तो तरी काय करणार? विच फक्त ट्रू असलेल्या जागांचे क्रमांक देतो, एनएला वगळतो.

पायरी ६: चालवून बघा

जरतर(पाणी >= ४५, तारीख, अ‍ॅज.डेट(एनए))

आता पहिल्या चार जागी एनए आणि पुढे २०२४-०८-०५, २०२४-०८-०६. तारखाच. नुसता एनए न देता अ‍ॅज.डेट(एनए) दिला, हे लक्षात आलं असेल. नुसत्या एनएची चिठ्ठी लॉजिकलची असते, तोलाईवाला त्याला आत सोडत नाही. सुरुवातीला याचा वैताग येईल. अक्षरांसाठी एनए_कॅरॅक्टर_, आकड्यांसाठी एनए_रिअल_, एवढं वहीत टिपून ठेवा.

आता एनएचा खरा प्रश्न:

जरतर(पाणी >= ४५, "धोका", "ठीक", गहाळ = "नोंद नाही")

तिसऱ्या दिवशी ‘नोंद नाही’ येतं. हे मी हट्टानं घातलंय. तक्त्यात एनएची मोकळी जागा दिसली की कोणीतरी ती ‘ठीक’ समजून भरतो, हे मी पाहिलंय. आणि पातळी वाचायची राहून जाते ती बहुतेक वेळा पाणी चढत असतानाच, कारण वाचणारा माणूस स्वतःचं घर उपसत असतो. न वाचलेली पातळी ‘ठीक’मध्ये धरायची नाही.

मुद्दाम चुकाही करून बघा. जरतर(मोसम == "पावसाळा", पाणी, ०) थांबलं पाहिजे. जरतर(पाणी >= ४५, "धोका", ०) थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर वरच्या कोडमधला एखादा स्वल्पविराम किंवा कंस तपासा.

एका ठिकाणी ते नको तिथेही थांबेल. फाइलमधून वाचलेल्या रकान्यात सगळे पूर्णांक असतील तर त्याची चिठ्ठी इंटिजर असते, आणि तुम्ही हातानं लिहिलेल्या ० ची न्यूमेरिक. दोन्ही आकडेच, पण चिठ्ठ्या वेगळ्या. रकाना अ‍ॅज.न्यूमेरिकमधून काढून द्या, मिटलं. फंक्शनच सैल करता येईल, पण नवीन असताना मी करू देत नाही.

आणि इफएल्सची एक बाजू घ्यायला हवी. अट मॅट्रिक्स असेल, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींचा चौकोन, तर इफएल्स उत्तरही चौकोनीच देतो, कारण पोतं अटीचं. नोंदींना नावं असतील तर तीही राखतो. आपलं जरतर चौकोन मोडून सरळ ओळ करतं. मॅट्रिक्ससाठी इफएल्सच वापरा.

पायरी ७: तीन पातळ्या असतील तेव्हा

धोका आहे की नाही, एवढंच नको असतं, मध्ये इशाराही हवा असतो. मग माणूस एकात एक घालतो:

इफएल्स(पाणी >= ४०, "इशारा", इफएल्स(पाणी >= ४५, "धोका", "सामान्य"))

कोड चालतो, एरर नाही, वॉर्निंग नाही. पण नीट बघा: ४६.८ हे ४० पेक्षा मोठंच, म्हणून पहिल्याच प्रश्नाला त्याला ‘इशारा’ मिळून तो घरी जातो. ‘धोका’ कोणाच्याच वाट्याला येत नाही. यात २०१९ चं पाणी घातलं असतं तरी तक्त्यानं ‘इशारा’ एवढंच म्हटलं असतं. मोठी पातळी आधी विचारायची हा उपाय आहे, पण पातळ्यांसाठी त्याहून बरा कट आहे:

कट(पाणी, ब्रेक्स = सी(-इन्फ, ४०, ४५, इन्फ), राइट = फॉल्स,
  लेबल्स = सी("सामान्य", "इशारा", "धोका"))

राइट = फॉल्स विसरू नका. ते नसेल तर बरोबर ४५ ला कट ‘इशारा’ म्हणतो. आपल्या सहाव्या दिवसाची नोंद मी नेमकी ४५ घेतली ती याचसाठी. दोन्ही तऱ्हेनं चालवून फरक बघा. ‘इन्फ’ मधला पहिला ‘आय’ मोठा.

तयार माल

आरमध्ये वेगळे बसवायचे तयार फंक्शनांचे संच असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. डीप्लायर पॅकेजात इफ_एल्स आहे आणि डेटा.टेबल पॅकेजात एफइफएल्स. दोन्ही तारीख सांभाळतात, बेमेळ प्रकार आणि लांबी आली की थांबतात. गहाळ नोंदीसाठी पहिल्यात ‘मिसिंग’ आणि दुसऱ्यात ‘एनए’ (इथे लहान अक्षरांत) असं खातं आहे. एफइफएल्स सी भाषेत लिहिलेला असल्यानं लाखो ओळींवर झपाट्यानं चालतो. अटी बऱ्याच असतील तर डीप्लायरचा केस_व्हेन. रोजच्या कामात मीही हेच वापरतो. जरतर आधी लिहायला लावतो ते अशासाठी, की इफ_एल्सनं एरर दिली की पोरं वैतागून परत इफएल्सवर येतात, ‘तो तरी चालतो’ म्हणत. चिठ्ठी कुठे गळते हे एकदा स्वतः पाहिलेला परत येत नाही.

तुमचं फंक्शन ‘जरतर’ नावाच्या फाइलीत ठेवा, शेवटी टिंब आणि मोठा ‘आर’. नवीन कामाच्या पहिल्या ओळीत सोर्स("जरतर.आर") लिहिलं की ते हाताशी येतं. आणि तक्ता छापायला देण्याआधी प्रत्येक रकान्यावर एकदा क्लास चालवा. तारखेच्या रकान्यासमोर न्यूमेरिक दिसलं, तर छापखान्यात फोन करून थांबायला सांगा.